कुठून आले, कोणाला दिले

मुसलमान मोहल्ल्यातल्या घरांत झाडे नसतात, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा आमच्या गल्लीतून चक्कर मारावी. दारापुढे जागा नसली तरी उंबऱ्याशी एखादा डबा असतोच. त्यात मेंदी असते, कारण ईदच्या आदल्या रात्री लागते. पुदिना असतो, कारण बिर्याणीला लागतो. सब्जा असतो, बुजुर्ग मंडळी त्याला रैहान म्हणतात. कुणाच्या अंगणात डाळिंब, कुणाच्या परसात शेवगा. झाड घरात यायचे तर त्याने काहीतरी काम केले पाहिजे, असा अलिखित नियम आहे.

आमच्या गच्चीवरची झाडे या नियमात बसत नाहीत. ती खायची नाहीत, वासाची नाहीत, सावलीची तर नाहीतच. त्यातली काही वर्षातले सहा-सात महिने मेल्यासारखी दिसतात. अम्मींच्या मैत्रिणी गच्चीवर आल्या की विचारतात, "तुमारे बच्चे ये काटे कायकू पालते जी?" अम्मी उत्तर देतात, "पानी कम पीते करके."

हे उत्तर अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे सांगण्यासाठी हा लेख.

आधी 'आम्ही'बद्दल दोन शब्द. आम्ही जुन्नर तालुक्यातले. उर्दू शाळेत शिकलो, बी.एड. केले आणि पुन्हा उर्दू शाळेतच शिकवायला लागलो. ज्याचे सारे शिक्षण उर्दूत झाले त्याच्या तोंडी 'मी'पेक्षा 'हम' लवकर येतो. शिवाय हा उद्योग एकट्याचा नाहीच. कुंड्या भरायला घरातून मदत होते, पाणी घालायला मुले असतात, आणि कुठले झाड मरायला टेकले आहे ते सगळ्यांच्या आधी अम्मींना कळते. तेव्हा 'आम्ही' हेच खरे.

गच्ची म्हणजे दहा बाय बाराचा स्लॅब. त्यावर शे-सव्वाशे कुंड्या आहेत, पण विकत घेतलेल्या फार थोड्या. पामतेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, दह्याची मडकी, कान तुटलेले कप. कोणत्याही भांड्याला आम्ही एकच प्रश्न विचारतो: बुडाला भोक पडेल का? पडत असेल तर ते आमचे. माती म्हणाल तर तीत माती फारशी नसते. दोन भाग चाळलेली जाड रेती, एक भाग विटांचा चुरा, एक भाग जुने शेणखत आणि मूठभर कोळसा. पाणी ओतले की खालून लगेच वाहून गेले पाहिजे. झाडूची काडी कुंडीत खोल खुपसायची, बाहेर काढून पाहायची. काडीला ओल लागली तर पाणी नाही. एवढे एक पथ्य पाळले तरी निम्मी झाडे वाचतात. ही झाडे तहानेने क्वचित मरतात, लाडाने मरतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर त्यांना पाण्यापासून वाचवावे लागते. जूनमध्ये आम्ही गच्चीवर प्लास्टिकचा कागद ताणतो. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण शिरतो, त्याला स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढायचे. दर जुम्म्याच्या सकाळी हा कार्यक्रम असतो.

या झाडांना सरसकट 'कॅक्टस' म्हणायची रीत आहे. ती चुकीची आहे, हे आम्ही वर्गात पहिल्यांदा सांगतो. खरे निवडुंग, म्हणजे कॅक्टस, जवळजवळ सगळे अमेरिका खंडातले. त्यांचा काटा लवेच्या एका बारीक गादीतून निघतो, ती गादी भिंगाखाली स्पष्ट दिसते. आपल्या डोंगरावरचा थोर आणि कुंपणाचा शेर वेगळ्या घराण्यातले. ते मोडले की दूध येते, आणि ते दूध डोळ्यात गेले तर दवाखाना गाठावा लागतो. दोन वेगळ्या खंडांवर दोन वेगळ्या घराण्यांनी दुष्काळावर एकच उपाय काढला: पाने टाकून द्या, खोडात पाणी साठवा, अंगावर काटे ठेवा. मुलांना हे फार आवडते. एकजण म्हणाला, "सर, जैसे दो बच्चे कॉपी किए बगैर सेम जवाब लिखे." यापेक्षा चांगले आम्हाला सांगता आले नसते.

नावांची तर मौजच आहे. कोरफड घ्या. मराठीत कोरफड, घरी घीकवार. तिचा रस आटवून जी काळी वडी होते तिला हकीम मुसब्बर म्हणतात. अरबीत हिचे नाव आणि सब्राचे नाव एकाच धातूतले आहे: साद, बे, रे. कडू आणि टिकाऊ, या दोन्ही अर्थांनी ते शोभते. कब्रस्तानातही आम्ही कोरफड लावली आहे. तिथे रोज पाणी घालायला कोण जाणार? गुलाबाचे रोप मे महिन्यात जळून जाते, कोरफड तांबूस पडते, आक्रसते आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवी होते.

याच झाडांनी आम्हाला विज्ञानाचा एक सुंदर पाठ दिला. पाने श्वास घेतात तेव्हा पाणी उडून जाते, हे पुस्तकात असते. मग भर उन्हात राहणारी ही झाडे काय करतात? ती दिवसा मसाम, म्हणजे पानावरची रंध्रे, मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात, आणि दिवस उजाडला की दारे बंद करून त्याच साठ्यावर स्वयंपाक करतात. रमजानमध्ये सहरीला खाऊन दिवस काढणाऱ्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या शोधाचा एक धागा आपल्या देशातला आहे, हे आम्हाला उशिरा वाचायला मिळाले. बेंजामिन हाइन नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. पानफुटीचे पान पहाटे चाखले तर आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे कडसर लागते, हे त्याने टिपून लंडनला कळवले. १८१५ साली ते छापून आले. पानफुटी म्हणजे तीच, जिचे पान जमिनीवर पडले तरी कडांना रोपे फुटतात. चाखायचे काम आम्ही मुलांना देत नाही. पहाटेच्या नमाजानंतर एक पान खुडून त्याचा रस पी.एच. कागदावर लावायचा आणि संध्याकाळी दुसऱ्या पानाचा. सकाळचा कागद नारिंगीकडे झुकतो, संध्याकाळचा पिवळ्याकडे. प्रयोगशाळेत एकच कपाट असलेल्या शाळेतसुद्धा हा प्रयोग होतो. हाइनने जे जिभेने ओळखले ते आमची मुले डोळ्यांनी पाहतात.

गच्चीचा सगळा हिशेब एका वहीत आहे. उजवीकडून उघडली तर उर्दू, डावीकडून उघडली तर मराठी. रकाने पाच: नाव, तारीख, मुळात कुठले, कोणाकडून आले, कोणाला दिले. शास्त्रीय नाव मात्र दोन्हीकडे लिहितो, कारण बोलीतली नावे दहा कोसांवर बदलतात.

'मुळात कुठले' हा रकाना आम्ही सुरुवातीला केवळ निगा राखण्यासाठी आखला. झाड कुठल्या हवेतले हे कळले की त्याचे नखरे समजतात. लिथॉप्स घ्या. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या माळावरचे हे झाड हुबेहूब खड्यासारखे दिसते. १८११ साली विल्यम बर्चेल या प्रवाशाने वेगळा दगड म्हणून उचलला आणि हातात झाड आले. त्याला दोनच पाने असतात. नवी जोडी जुन्या जोडीच्या पोटात वाढते आणि जुन्या पानांतले पाणी शोषून मोठी होते. त्या काळात आपण कुंडीत पाणी ओतले तर जुनी पाने सुकत नाहीत आणि झाड कुजते. ॲडेनियमच्या नावातच एडन बंदर आहे. त्याला आपला एप्रिल-मे मानवतो, थंडीत ते पाने टाकून झोपते. त्याचा चीक विषारी, म्हणून छाटणीनंतर हात धुवायचे.

रकाना भरत गेला तसतशा गमती कळत गेल्या. फड्या निवडुंग आपल्याला इतका आपला वाटतो की त्याच्याशिवाय दख्खनचा माळ डोळ्यांपुढे येत नाही. तो आला अमेरिकेतून. १७९५ साली ब्राझीलकडून निवडुंगावरचे किडे हिंदुस्थानात आणले गेले. कंपनीला त्यांच्यापासून किरमिजी रंग काढायचा होता, कारण त्या रंगाचा व्यापार स्पेनच्या हातात होता. आले ते किडे वेगळ्या जातीचे निघाले. रंग धड मिळाला नाही, पण किड्यांनी एका जातीचा निवडुंग मैलोन्‌मैल खाऊन टाकला. दुसऱ्या जातीच्या निवडुंगासाठी दुसरे किडे १९२०च्या दशकात आणावे लागले. कोरफड मूळची अरबस्तानातली मानतात, पानफुटी मादागास्करची. जी झाडे आजीबाईच्या बटव्यात आहेत, त्यांतली कित्येक अशी लांबून आलेली.

एका प्रशिक्षण शिबिरात शेजारी बसलेल्या शिक्षकबंधूंनी आम्हाला प्रेमाने विचारले होते, "तुम्ही मूळचे कुठले?" म्हटले, जुन्नरचे. "तसे नव्हे हो, त्याच्याही आधी?" म्हटले, आमच्या पणजोबांची कबर जुन्नरलाच आहे, त्यांच्या वडिलांचीही. ते गप्प बसले. मनाने वाईट नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांना हा प्रश्न कधी ना कधी आलेला असतो. वहीतला रकाना भरताना तो आम्हाला आठवतो. झाडाला 'मुळात कुठले' विचारायचे ते त्याला किती ऊन, किती पाणी द्यायचे हे ठरवण्यासाठी. त्याला कुंडीत राहायचा हक्क आहे की नाही, हे ठरवण्यासाठी नव्हे.

लांबची झाडे अशी घरची झाली, आणि घरचे झाड मात्र आम्हाला पंचविशी उलटेपर्यंत माहीत नव्हते. शिवनेरी आम्ही लहानपणापासून पाहतो. शाळेच्या सहली तिथेच, ईदच्या दुसऱ्या दिवशी फिरायला तिथेच. त्याच परिसरात शिंदळ माकुडी नावाचे झाड आहे. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. अलीकडे तिला बुसेरोशिया या प्रजातीत घालतात. निकोल डॅल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नर भागातून तिची नोंद केली आणि १८६०च्या दशकात ती प्रसिद्ध झाली. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे नाव तिला मिळाले. महाराष्ट्राच्या सह्याद्रीतले थोडेसे कडे सोडले तर ही वनस्पती जगात कुठेच आपसूक उगवत नाही.

कड्याच्या कपारीत तिची बोटाएवढी जाड, मांसल खोडे लोंबकळत असतात. तिच्या जवळच्या नात्यातल्या झाडांना पाने जवळपास नसतातच, हिला मात्र पावसाळ्यात चांगली ठसठशीत पाने येतात. पाणी संपले की ती गाळून टाकायची आणि खोडावर उन्हाळा काढायचा. पावसाळा सरता सरता फूल येते: पाच टोकांची चांदणी, रंग गडद किरमिजी, वर पिवळे ठिपके. आकार जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा. परागीभवन माश्या करतात. शेळ्यांनी खाल्ले, दरड कोसळली, हौशी माणसांनी उपटून नेले, अशा कारणांनी ती विरळ होत गेली. नामशेष होण्याचा धोका असलेल्या वनस्पतींच्या यादीत तिचे नाव गेले. केंद्र सरकारने १९९०च्या दशकात निर्यातीला बंदी घातलेल्या वनस्पतींमध्ये शिंदळ माकुडी आणि कंदीलपुष्पाच्या साऱ्या जाती होत्या.

आणि तरीही ही दुर्मीळ बाई कुंडीत अगदी सोपी आहे. एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी आम्हाला बोटभर तुकडा दिला. तो त्यांच्या बागेतल्या कुंडीतला होता, कड्यावरचा नव्हता. देण्याआधी त्यांनी हे दोनदा सांगितले. तुकडा चार दिवस सावलीत सुकवला, रेतीवर आडवा ठेवला, तीन आठवड्यांत मुळे धरली. दुसऱ्या सप्टेंबरात फूल आले. अम्मींनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, "इत्ता छोटा? मैं समजी बहोत बडा कुच होगा." मग थोड्या वेळाने गल्लीतल्या दोघींना बोलावून आणले.

आता ज्या प्रसंगामुळे हे सगळे लिहावेसे वाटले, त्याकडे येतो.

शिक्षकदिनाला मुले पेन आणतात, गुलाब आणतात. एका वर्षी आठवीतल्या एका मुलाने ओल्या फडक्यात गुंडाळलेले काहीतरी आमच्या टेबलावर ठेवले. उघडले तर आत कंदीलपुष्प. लहान बटाट्याएवढा चपटा कंद, त्याला नाजूक वेल आणि वेलीवर दोन फुले. हे फूल पाहिलेले नसेल त्यांना सांगतो. खाली फुगीर, मध्ये निमुळती नळी आणि वर पाकळ्यांची टोके एकमेकांना जुळून तयार झालेला पिंजरा; जुन्या मशिदीतल्या कंदिलासारखा आकार. नळीत खालच्या दिशेने वळलेले केस असतात. छोटी माशी आत शिरते, केसांमुळे परत फिरता येत नाही. काही काळाने केस सुकतात आणि माशी पराग घेऊन सुटते. भारतात या घराण्याच्या पन्नासहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या बहुतेक फक्त आपल्याकडच्या, आणि सह्याद्रीत त्यांचा मोठा वाटा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात श्रीरंग यादव सरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या घराण्यावर वर्षानुवर्षे काम केले, विद्यापीठाच्या बागेत कितीतरी जाती जगवल्या आणि वाढवल्या.

मुलाचे चुलते शेळ्या राखतात. त्यांच्याबरोबर डोंगरावर गेला असताना त्याने काडीने खणून कंद काढला होता. "सर, तुमच्या वहीत हे नाही ना?" तो म्हणाला. नव्हते. असे झाड मिळावे म्हणून माणसे काय काय करतात, ते आम्हाला माहीत होते. आणि समोर एक मूल उभे होते, ज्याच्याकडे गुलाब घ्यायला पैसे नव्हते म्हणून ते डोंगरावरून सर्वांत चांगली वस्तू घेऊन आले होते.

ती वस्तू नाकारायची कशी? आम्ही वही काढली. त्याच्याच हाताने उर्दू बाजूला नाव लिहून घेतले, तारीख घातली, 'कोणाकडून आले' खाली त्याचे नाव. मग म्हटले, "आता शेवटचा रकाना. कोणाला द्यायचे?" तो विचारात पडला. आम्ही म्हटले, "ज्याचे आहे त्याला."

रविवारी सहा मुले आणि आम्ही डोंगरावर गेलो. त्याने नेमकी जागा दाखवली. खणलेला खळगा तसाच होता. कंद लावला, भोवती काटेरी फांद्या आणि दगड रचले, शेळीचे तोंड पोहोचू नये म्हणून.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण कुणीतरी टेबलावरच्या फुलाचा फोटो काढला होता आणि तो फिरत फिरत लांब गेला. आठवड्याने एका अनोळखी माणसाचा फोन आला. कंद हवा होता. जी रक्कम त्याने सांगितली तीत आमच्या शाळेची प्रयोगशाळा वर्षभर चालली असती. आम्ही नाही म्हटले. त्याने विचारले, "मग कुठल्या डोंगरावर मिळतो तेवढे सांगा." आम्ही फोन ठेवला. पण ही बातमी वर्गातून मुलाच्या घरी पोहोचलीच. दुसऱ्या दिवशी त्याचे अब्बा शाळेच्या फाटकापाशी उभे होते. हातगाडीवर भाजी विकणारे गृहस्थ, बोलायला संकोचणारे. "सर, सच में इत्ते पैसे मिलते?"

या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नाही. पोट भरलेल्या माणसाने निसर्ग वाचवा असे सांगणे फार सोपे असते. आम्ही खोटे बोललो नाही. म्हटले, "हौ, मिलते. एक बार मिलते." मग त्यांना आफ्रिकेची हकीकत सांगितली. तिथे लिथॉप्सच्या नात्यातली कोनोफायटम नावाची बोटाच्या पेराएवढी झाडे आहेत. काही जाती एखाद्याच टेकडीवर वाढतात. २०१९ नंतर परदेशातल्या शौकिनांची मागणी एकदम वाढली आणि दलालांनी गावातल्या गरीब माणसांना कामाला लावले. लाखो झाडे पोलिसांनी पकडली, पण उपटलेले झाड त्याच टेकडीवर पुन्हा रुजवणे बहुतेकदा जमत नाही. पकडले जातात ते खणणारे, विकत घेणारे लांब असतात. टेकडी रिकामी झाली की दलाल दुसरीकडे जातो, गावात काहीच उरत नाही.

ते ऐकत होते. म्हणाले, "मतलब बीज का आलू बेच डाले." भाजीवाल्या माणसाला बियाण्याचा बटाटा विकून टाकण्याचा अर्थ आमच्यापेक्षा जास्त कळतो.

पण नुसते 'नको' म्हणून माणसाला परत पाठवणे आम्हाला पटले नाही. गच्चीवर ॲडेनियमच्या शेंगा धरल्या होत्या, शिंगांच्या जोडीसारख्या. त्या उकलल्या की बिया दोन्ही टोकांच्या केसांच्या झुबक्यांवर वाऱ्याने उडून जातात, म्हणून आम्ही त्या दोऱ्याने बांधून ठेवतो. त्या शेंगा त्या मुलाला दिल्या. बी रेतीवर पसरून वर पातळ थर द्यायचा, आठवड्याभरात रोप येते. जेडची फांदी तोडून लावायची. हावर्थियाला बाजूने पिल्ले फुटतात, ती सोडवायची. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत त्याने रोपे केली. वर्ष गेले. आज आठवडी बाजारात त्याच्या अब्बांच्या गाडीवर मेथी-कोथिंबिरीच्या कडेला ही रोपे ओळीने उभी असतात, वीस-तीस रुपयांना एक. फार पैसे होत नाहीत. पण दर आठवड्याला होतात, आणि कुठलाही डोंगर रिकामा होत नाही. शेळ्या राखणारे त्याचे चुलते आता कंदीलपुष्पाची जागा आली की कळप वळवून नेतात, असे तो सांगतो. पुढच्या जुलैत आम्ही जाऊन पाहिले तेव्हा वेल वर आला होता. शेंडा कुणीतरी खाल्लेला होता आणि त्या वर्षी फूल नव्हते. पण वेल होता.

दुर्मीळ झाडे जमवण्याचा शौक वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. तो आम्हाला आहेच. नवे झाड दिसले की हात शिवशिवतात. फरक इतकाच करावा लागतो, की झाड कुणाकडेच नाही म्हणून हवे, की ते उद्याही असावे म्हणून हवे. पहिल्या शौकात आपल्याकडे आलेले झाड दुसऱ्याकडे जाऊ नये असे वाटते. दुसऱ्यात ते जितक्या घरी जाईल तितके बरे, कारण आपल्या गच्चीवरचे कुजले तर शेजारच्या गच्चीवरून तुकडा परत आणता येतो. अम्मींची मेंदी अशीच टिकली आहे. तिच्या फांद्या तीन पिढ्या लेकी-सुनांबरोबर गावोगाव गेल्या आणि दोनदा माघारी आल्या. मोहल्ल्यातल्या बायांना हे शास्त्र कुणी शिकवले नव्हते.

म्हणून घरी येणाऱ्यांना आम्ही दोन गोष्टी सांगतो. रोप घेताना ते बियांपासून की फांदीपासून केले, हे विचारा. विकणारा गोंधळला आणि झाडाच्या मुळांना डोंगराची माती दिसली, तर घेऊ नका. आणि फांदी मागायला लाजू नका. दुकानदार कदाचित देणार नाही, पण झाडांचा खरा शौकीन कधीच नाही म्हणत नाही.

गेल्या पावसाळ्यात वही पुरी भरली. नवीन वहीत नोंदी उतरवताना सर्वांत मोठा शेवटचा रकाना शिंदळ माकुडीचा निघाला. 'मुळात कुठले' खाली एकच शब्द आहे, जुन्नर. 'कोणाला दिले' खाली चौदा नावे: शाळेचे शिपाईमामा, मशिदीचे मुअज्जिन, दोन माजी विद्यार्थिनी ज्या लग्न होऊन मालेगाव आणि भिवंडीला गेल्या, शिबिरात भेटलेले ते शिक्षकबंधू, आणि अम्मींच्या त्या सगळ्या मैत्रिणी. पंधरावा तुकडा सावलीत सुकायला ठेवला आहे. तो भाजीच्या गाडीवाल्यांच्या घरी जायचा आहे, फक्त विकायचा नाही एवढ्या अटीवर.